डाव्या हाताचं माप

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या दिलदार शिकलगारच्या लेथवर काम टाकायचं असेल, तर एक नियम मुकाट्यानं पाळावा लागायचा. वस्तू उजव्या हातानं द्यायची आणि उजव्याच हातानं घ्यायची. कुणी साधा नट जरी डाव्या हातानं पुढं केला, तरी दिलदार लेथ बंद करी, चष्मा कपाळावर चढवी आणि गिऱ्हाइकानं हात बदलेपर्यंत त्याच्याकडं बघत उभा राही. एकदा एका फौंड्रीच्या मालकानं मोबाईलवर बोलता बोलता चहाचा कप डाव्या हातानं सरकवला. दिलदारनं तो तसाच राहू दिला. चहावर साय धरली, पण हा माणूस चहा का पीत नाही हे मालकाला शेवटपर्यंत कळलं नाही.

"बाप सांगून गेलाय," एवढंच तो म्हणायचा. "डाव्या हाताच्या देण्याघेण्यात बरकत न्हाय."

शेजारी आकाराम ओतारीची पितळ ओतायची भट्टी होती. त्याच्या घरातही हेच चालायचं. दोघांचे देव वेगळे, सण वेगळे, पण डाव्या हाताच्या बाबतीत दोघांचं चाळीस वर्षं एकमत होतं. बाकी कशाबद्दलच नव्हतं, आणि रोज सकाळी चहाला बसून ते भांडत.

दिलदारचं नाव होतं ते मुठींसाठी. लेथवर दांडा तर उद्यमनगरात कुणीही कातून देतो. पण दांड्याच्या टोकाला जी मूठ लागते, ती हातात बसली पाहिजे, हे दिलदारला जेवढं कळायचं तेवढं कुणाला कळत नव्हतं. कबनूरच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाच्या तळहाताला फोड आले की तो दिलदारकडं यायचा. दिलदार ओल्या फडक्याखालून शाडूचा गोळा काढायचा, म्हणायचा, "हात द्या," आणि त्या माणसाच्या मुठीत गोळा दाबायला लावायचा. बोटांच्या खळग्या उमटलेला तो गोळा मग आकारामच्या वाळूच्या साच्यात जायचा आणि पितळेचा होऊन यायचा. त्या मुठीनं पुन्हा कुणाला फोड आल्याचं ऐकिवात नव्हतं.

अशा या दुकानापुढं एका मंगळवारी सकाळी लाल रंगाची, दोन सीटची, जमिनीला टेकेल की काय अशी बुटकी गाडी येऊन उभी राहिली. आकाराम भट्टी सोडून बाहेर आला. गाडीतून उतरली ती कसबा बावड्याची संयोगिता. वय अडतीस, पायात साध्या चपला, ओढणीला रोपवाटिकेतली माती. तिची उसाच्या रोपांची रोपवाटिका निम्म्या तालुक्याला माहीत होती. त्याच रोपांच्या जिवावर तिनं ही जुनी जपानी गाडी घेतलेली होती आणि शहराबाहेरच्या ट्रॅकवर ती चालवून चांगल्या चांगल्या पोरांची तोंडं गप्प केलेली होती. ती बोलायला लागली की नवख्याला वाटे, पोरगं बोलतंय. बावड्याकडच्या बऱ्याच बायका येते-जाते म्हणत नाहीत, येतो-जातो म्हणतात.

"चाचा, गिअरचं काम घेऊन आलोय," ती म्हणाली. "लई घट्ट झालाय. मागच्या शर्यतीत तिसरा पडलाच न्हाय. गाडी वळणावर बंद पडली आणि सगळा ट्रॅक हसला."

"कुठं घासतंय काय बघू की."

"बघायचं न्हाय, बदलायचा. पोरांनी समद्यांनी आखूड दांडा बसवलाय. एवढासा." तिनं उजव्या हाताची दोन बोटं दाखवली. "मला बी तसलाच पायजे. रविवारच्या आत."

"रविवारी काय हाय?"

ती हसली, पण ते हसू गालातच राहिलं. तिचा चुलतभाऊ राजवीर गाडीवर जीव टाकून होता. मागच्या शर्यतीनंतर तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, ताई, आता गाडी मला दे. आणि हिनं, कोल्हापूरच्या माणसाला पैज लावायला कारण लागत नाही, त्या न्यायानं, सगळ्यांदेखतच सांगून टाकलं होतं. रविवारी तीन फेऱ्या मारून दाखवतो. गिअर न चुकता, गाडी कुठं बंद न पडता. नाही जमलं तर किल्ली तुझी.

दिलदारनं वाकून गाडीत पाहिलं. दांडा हलवून पाहिला. त्याला तरी तो कुठं घट्ट वाटेना.

"एक सांगतो," तो म्हणाला. "आखूड दांडा चांगला दिसतोय. हात जरासाच हलवावा लागतोय, ते बी खरं. पण जोर जादा लागतोय. पहारीचं गणित हाय ते. पहार लांब असली की धोंडा बोटानं हलतोय, आखूड असली की कंबर मोडती."

"माझ्या कंबरेला काय झालंय?" संयोगिता पटकन म्हणाली. "आखूडच करा."

गिऱ्हाईक राजा. दिलदारनं फडक्याखालून शाडू काढला, पाण्याचा हात लावून मळला, आणि चाळीस वर्षं म्हणत आला होता तसं म्हणाला, "हात द्या."

तिनं हात दिला. गोळा दाबला. चार बोटं आणि अंगठा, खळग्या अशा खोल आणि नीट उमटल्या की दिलदार खूष झाला. "हात हाय का पकड हाय," तो म्हणाला. संयोगितानं ओढणीला हात पुसला आणि ती गाडीत न बसता रिक्षा करून निघून गेली.

पुढचे तीन दिवस दिलदारनं दुसरं काम हातात घेतलं नाही. दांडा कातला, खालचा गोळा घासून आरशासारखा केला, बुश नवे बसवले. आकारामनं मूठ ओतून दिली, ती दिलदारनं स्वतः घासली. दांडा बसवून त्यानं गाडी उद्यमनगराच्या रस्त्यावर एक चक्कर फिरवली. पहिला, दुसरा, तिसरा, प्रत्येक गिअर खटकन पडत होता. मूठ मात्र अंगठ्यापाशी जराशी टोचत होती. बाईमाणसाच्या हाताचं माप, आपला पंजा थोराड, असं म्हणून त्यानं तिकडं दुर्लक्ष केलं.

शुक्रवारी संयोगिता आली. दिलदार कौतुकानं शेजारच्या सीटवर बसला. पहिला पडला. दुसरा पडला. तिसऱ्याला दांडा मध्येच अडकला आणि खालून असा करकर आवाज आला की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. तिनं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. कपाळावर घाम आला तिच्या.

"चाचा, घट्टच हाय की," ती म्हणाली. "काम बरोबर झालेलं न्हाय."

दिलदारच्या कामाबद्दल असं तोंडावर कुणी म्हटलेलं नव्हतं. त्याला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. दुकानात येऊन त्यानं दांडा काढला, मोजला, तेल घालून परत बसवला. स्वतः चालवून बघितलं तर लोण्यात सुरी जावी तसा तिसरा पडला. तिला बसवलं तर पुन्हा करकर.

या वेळी दिलदार दांड्याकडं बघत नव्हता, हाताकडं बघत होता. तिचा हात मुठीवर नीट बसतच नव्हता. अंगठ्याची खळगी भलत्याच बाजूला येत होती आणि बोटांची जागा बोटांना सापडत नव्हती. एवढं अवघडलेलं माप आपण घेतलंच कसं, असा विचार करत तो दोन क्षण थांबला, आणि मग त्याचा चेहरा उतरला. माप उजव्या हाताचं होतं.

गाडीचा गिअर डाव्या हाताला असतो हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. चाळीस वर्षं मुठी करणाऱ्या दिलदार शिकलगारनं 'हात द्या' म्हणून उजवा हात घेतला होता, आणि आपण काय करतोय हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. त्याच्या दुकानात डावा हात कधी पुढं येतच नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि ते दुसऱ्या कुणी नाही, त्यानंच केलं होतं.

"ताई, चूक माझी हाय," तो म्हणाला. "उतरा खाली. डाव्याचं माप घिऊया."

त्याला वाटलं, ही आता चार शब्द सुनावेल, निदान हसेल तरी. पण संयोगिता घाबरल्यासारखी झाली. "राहू दे की चाचा," ती म्हणाली. "साधा गोल गोळा लावा. माप कशाला आणि?"

"नाव माझं हाय त्याच्यावर. हात द्या."

"उशीर झालाय. रोपांची गाडी यायची हाय."

"ताई, दोन मिनिटांचं काम हाय. डावा द्या."

नाइलाजानं तिनं डावा हात पुढं केला. दिलदारनं त्यात गोळा ठेवला. तिनं दाबला. दाबताना तिचा खालचा ओठ दाताखाली गेलेला त्यानं पाहिला. गोळा परत हातात आल्यावर तो उजेडाकडं घेऊन गेला. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट खोल उमटलं होतं. पुढच्या दोन बोटांच्या जागी शाडूवर नुसता स्पर्श झाल्याची खूण होती, खळगी नव्हतीच.

माणूस काय वाटेल ते सांगतो. शाडूला खोटं बोलता येत नाही. दिलदारनं गोळा हळूच टेबलावर ठेवला आणि लेथचं बटण बंद केलं.

"कधीपासनं?" त्यानं विचारलं.

संयोगिता लोखंडी स्टुलावर बसली. डावा हात तिनं मांडीवर उताणा ठेवला.

"दीड वर्ष झालं," ती म्हणाली. "शेडनेटमध्ये ट्रे घेऊन चाललोतो, पाय घसरला, कोपरावर पडलो. हाड जुळलं. शीर काय जुळली न्हाय. ह्या दोन बोटांत बळच न्हाय चाचा. डॉक्टर म्हणला, येईल तेवढं येईल, बाकीचं हाय तसं ऱ्हाईल."

"घरात ठावं हाय?"

"हाड मोडल्यालं ठावं हाय. बोटांचं कुणालाच न्हाय. बादली उजव्यानं उचलतो, फोन उजव्यानं धरतो. डाव्याचं काम पडतंय कुठं? गाडीतच तेवढं. तुमच्याकडं आलो ते बी त्याच्यासाठीच. समदे म्हणत्यात, शिकलगारच्या दुकानात डावा हात चालत न्हाय. मला बरंच वाटलं की."

दिलदारनं चष्मा काढून हातात घेतला. ज्या नियमाचा आपण एवढा तोरा मिरवला, त्याच्या आडोशाला ही पोर लपायला आली होती, आणि आपल्याला ते दिसलं नाही.

"सांगायचं की गं घरात," तो म्हणाला. ताई म्हणायचं विसरून गेला होता. "त्यात काय लाज?"

"लाज न्हाय. सांगितलं की गाडी गेली." तिचे डोळे भरले. "कुणी वाईट मनानं घेणार न्हाय ती. राजवीर बी चांगला हाय. समदी चांगल्या मनानंच म्हणतील, कशाला जिवाला त्रास, ऑटोमॅटिक घे, न्हायतर मागं निवांत बस. चांगल्या मनानं मागणाऱ्याला न्हाय कसं म्हणायचं चाचा? दिवसभर मला हाका असत्यात. रोपं, गडी, सासू, पोरं, बँक. त्या गाडीत बसलो की मला कुणी हाक मारत न्हाय."

दिलदार उठला. पाण्याचा तांब्या भरून त्यानं तिच्यापुढं ठेवला.

"कुणाला सांगणार न्हाय मी," तो म्हणाला. "आकारामला बी न्हाय. पण दांडा मला पायजे तसा करू दे."

त्या दिवशी दिलदारनं सगळं उलटं केलं. आखूड दांडा बाजूला ठेवून नवा लांब कातला, मूळच्या दांड्यापेक्षाही चांगला वीतभर लांब, आणि वरनं स्टिअरिंगच्या बाजूला वाकवला. मूठ गोल न करता पसरट केली, म्हणजे पुढं ढकलताना तळहाताची टाच लागावी आणि मागं ओढायला तीन बोटांचा आकडा पुरावा. उरलेल्या दोन बोटांना त्यानं टेकायला तेवढी जागा ठेवली. त्यांच्याकडून कामाची अपेक्षा ठेवली नाही.

शनिवारी सकाळी दिलदारला शेजारी बसवून संयोगितानं गाडी बावड्याच्या रस्त्याला काढली. पहिला, दुसरा, आणि मग तिनं तळहातानं नुसतं ढकललं. तिसरा कधी पडला ते दोघांनाही कळलं नाही. चौथा ओढला, परत तिसरा ढकलला. ती मोठ्यानं हसली आणि उसाच्या ट्रॉल्यांना मागं टाकत पार कारखान्यापर्यंत गेली. दिलदारला दीड वर्षांपूर्वीची संयोगिता ठाऊक नव्हती, पण ती अशीच असणार, असं त्याला वाटलं.

परत आल्यावर गाडी थांबली आणि तिचं लक्ष त्या दांड्याकडं गेलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू विरून गेलं.

"चाचा, हा एसटीचा दांडा दिसतोय."

"दिसतोय खरा," दिलदार प्रामाणिकपणानं म्हणाला.

"उद्या समदे विचारतील, स्पोर्ट कारला हे काय लावलंय. मग सांगावंच लागंल. आखूडच बसवून द्या. मी करतो काहीतरी. तीनच फेऱ्या तर हायत."

गाडी तिची होती आणि हातही तिचाच होता. दिलदारनं लांब दांडा काढला आणि आखूड बसवला, त्यावर आकारामनं ओतलेली साधी गोल मूठ लावली. आपल्याच हातानं केलेलं चांगलं काम आपल्याच हातानं उतरवायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

रविवारी ट्रॅकवर तीसेक गाड्या आणि दोनशे माणसं होती. वड्याचा गाडा होता, स्पीकर होता, आणि ज्याला त्याला सल्ला देणारे होते. दिलदार आकारामच्या स्कूटरवर मागं बसून आला. मांडीवर कापडी पिशवी होती.

"पिशवीत काय हाय?" आकारामनं वाटेत तीनदा विचारलं.

"डबा," दिलदारनं तीनदा सांगितलं. पण डबा एवढा उंच नसतो आणि पिशवीच्या तोंडातून बाहेरही येत नाही, हे आकारामला दिसत होतं.

सरावाच्या फेरीला संयोगिता निघाली. दिलदारनं डोळे मिटून घेतले. गाडी चालताना त्याला बघायची गरज नव्हती, त्याच्या कानाला सगळं कळायचं. पहिला गेला. दुसरा गेला. लांब वळणापाशी इंजिन जोरात ओरडलं, मग करकर झालं, पुन्हा करकर झालं, आणि गाडी बंद पडली. चारदोन पोरं हसली. गाडी ढकलत कडेला आणली गेली.

राजवीर धावत आला. सव्वीस वर्षांचा धिप्पाड पोरगा, पण चेहऱ्यावर काळजी होती. "ताई, लागलं न्हाय नव्हं?" त्यानं विचारलं आणि मग दिलदारकडं वळला. "चाचा, तुमच्या हातचं काम असं कसं? आम्ही तर तुमचं नाव ऐकून होतो."

"लेथवाल्याकडं कशाला द्यायचं असलं काम?" मागनं कुणीतरी म्हणालं. "पुण्याहनं मागवायचं की. हे लोक यंत्रमागाच्या मुठी करणार, ह्यांना काय कळतंय?"

आकाराम बाह्या सारून पुढं झाला. मूठ त्यानं ओतली होती, अपमान त्याचाही होताच. "कुणाला काय कळतंय रं? ये हिकडं, तुला दावतो..."

"गप रं आकाराम," दिलदार म्हणाला. त्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि परत घातला. सगळे त्याच्याकडं बघत होते. चाळीस वर्षांचं नाव त्या ट्रॅकच्या कडेला उघड्यावर पडलं होतं, आणि ते उचलून घ्यायला दोन शब्द पुरले असते. "चुकलं आसंल माझं," तो म्हणाला. "वय झालं आता."

राजवीरला वाईट वाटलं. त्यानं आवाज खाली आणला. "असूंदे चाचा. ताई, तू बी मनाला लावून घिऊ नको. दे किल्ली. त्यात काय लाज न्हाय."

संयोगिता अजून गाडीतच होती. काच खाली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. हेल्मेट मांडीवर घेऊन ती दिलदारकडं बघत राहिली, आणि दिलदारनं मान हलवून तिला खुणावलं, की असूंदे, काही बोलू नको. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण ती दार उघडून बाहेर आली.

"त्यांचं न्हाय चुकलं," ती मोठ्यानं म्हणाली. स्पीकरवाल्यानंसुद्धा वळून पाहिलं. तिनं डावा हात वर केला आणि मूठ आवळली. तीन बोटं मिटली. दोन तशीच अर्धी उघडी राहिली. "दीड वर्ष झालं ह्या दोन बोटांत जीव न्हाय. गिअर आधी बी चांगलाच होता, आत्ता बी चांगला हाय. माझा हात बरा न्हाय, आणि मी सांगत नव्हतो. चाचांनी मला सांगितलंतं आखूड घिऊ नको म्हणून. मीच ऐकलं न्हाय."

राजवीर तिच्या बोटांकडं बघत होता आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"चाचा," ती म्हणाली, "आणा त्यो दांडा."

"तुला कुणी सांगितलं मी आणलाय म्हणून?"

"पिशवीतनं निम्मा बाहेर आलाय की."

दांडा बदलायला अर्धा तास लागला. राजवीरनं हातात पाना घेतला आणि शेवटचे दोन बोल्ट त्यानंच आवळले. तोवर संयोगिताचा नंबर शेवटी टाकला गेला. लांब दांडा बघून कुणीतरी ओरडलंच, "एसटी आली रं, एसटी!"

"व्हय," संयोगिता हेल्मेट चढवता चढवता म्हणाली. "तिकीट काढ आणि मागं बस." सगळे हसले, पण या वेळचं हसणं निराळं होतं.

दिलदारनं पुन्हा डोळे मिटले. पहिला गेला. दुसरा गेला. लांब वळण आलं. इंजिनचा आवाज चढत चढत वर गेला, तिथं एक क्षण थांबला, आणि दिलदारचा श्वासही थांबला. मग आवाज मऊपणानं खाली उतरून पुन्हा चढायला लागला. तिसरा पडला होता. शेजारी आकाराम त्याचा दंड आवळून उभा होता. पहिली फेरी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला त्याच वळणावर तिनं चौथ्यातून तिसरा घेतला, आणि कुठं खरचटल्याचासुद्धा आवाज आला नाही. ती वेळेत कितवी आली हे स्पीकरवर सांगितलं गेलं. सातवी. दिलदारनं ते ऐकलं नाही, कारण त्याचे डोळे वाहत होते आणि तो रुमाल शोधत होता.

राजवीर गाडीपाशी गेला. "ताई, मला का न्हाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर चालवू दिली असतीस?"

राजवीरनं विचार केला. पोरगा खरा होता. "न्हाय," तो म्हणाला आणि खाली बघितलं. मग पैज हरलेल्या माणसानं आणायचे असतात म्हणून तो पेढे आणायला गेला.

पेढ्याचा पुडा संयोगिताच्या हातात आला. पहिला पेढा ती दिलदारला द्यायला निघाली. पुडा तिनं उजव्या हातात धरला आणि पेढा डाव्या हातात घेतला. अंगठा आणि दोन बोटांमध्ये तो जेमतेम धरला गेला होता. तिनं हात बदलला नाही. दिलदारच्या समोर येऊन तिनं तो तसाच पुढं केला.

दिलदारचा उजवा हात सवयीनं वर आला होता. त्यानं तो खाली घेतला. मग त्यानं आपला डावा हात पुढं केला, तिच्या बोटांखाली ओंजळीसारखा धरला, आणि पेढा घेतला.

आकारामनं डोळे विस्फारले. "दिलदारभाई! डाव्यानं?"

"मग?" दिलदार त्याच्यावर खेकसला. "गिअर काय उजव्या हाताला असतोय व्हय रं?"

आणि तिथंच उभ्या उभ्या त्यानं तो पेढा सगळा खाल्ला.